ऑल्डमीरांची आई

झुलेखाने पापलेटाचं पोट फाडलं, दोन बोटं घालून आतडी ओढली आणि नातीला म्हणाली, “वाच पुढं. त्या मेल्या गोऱ्यांनी आणखी काय दिवे लावले ते तरी कळू दे.”

हिबा ओट्यापाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. शाळेत तिला प्रोजेक्ट मिळाला होता. आठशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडातलं एक सरदार घराणं, ऑल्डमीर. थोरला भाऊ राजाचा उजवा हात, धाकटा बिशप, म्हणजे चर्चचा बडा मौलवीच.

“मग राजाचं आणि चर्चचं भांडण झालं, दादी. थोरला राजाकडून, धाकटा चर्चकडून. भर दरबारात एकमेकांना शिव्या दिल्या.”

झुलेखा नुसती हुंकारली. हे ऐकायला इंग्लंड कशाला हवं होतं? तिच्याच पोटी असले दोन निपजले होते. ज्याच्या कुवेतमधल्या, अबू हलीफातल्या घरात ती आत्ता मासे साफ करत होती तो अशरफ, रियाज शेठचा माणूस. अर्धं गाव इथं शेठच्याच कामावर. आणि फरवानियातला धाकटा फैसल, फारूक मौलवींच्या जमातीचा. गावच्या नव्या मशिदीचा कारभार कुणाकडे, यावरून शेठ आणि मौलवी फाटले, आणि हे दोघे भर इफ्तारीत एकमेकांच्या अंगावर धावले. फैसलनं थोरल्याची कॉलर धरली तशी झुलेखा साठ माणसांसमोर कडाडली, “मेले तरी तुला दूध बख्शणार नाही!” आईनं पाजलेलं दूध बख्शलं नाही, माफ केलं नाही, तर लेकाला मेल्यावरही सुटका नाही. फैसल रडला. तीही घरी येऊन उशीत तोंड घालून रडली. पण बोललेला शब्द तिनं कधी गिळला नव्हता. त्याच्या घरची पायरी चढून पाच महिने झाले होते.

“मग?”

“मग राजा जिंकला. थोरल्यानं बिशपला वाचवलं. नंतर चर्च जिंकलं, बिशपनं थोरल्याची जमीन वाचवली. सगळं प्लॅन केलेलं होतं, दादी! फेक फाइट. हे बघ, लेटर सापडलंय. थोरला लिहितो, रविवारी मला जरा मोठ्यानं शाप दे, राजाचा माणूस मागच्या रांगेत बसलेला असेल.”

“थू! आणि आई होती ना ह्या दिवट्यांना?”

“होती. तिला सांगितलंच नाही.” हिबाला हसू आलं. “ती खरं खरं रडायची ना, म्हणून लोकांना भांडण खरं वाटायचं.”

सुरी थांबली.

तेवढ्यात अशरफ जुम्म्याची नमाज पढून आला. अंगाला अत्तराचा वास, हातात गरम खुबूस रोट्यांचं पाकीट.

झुलेखानं मान वर केली नाही. “खालची नूरी सांगत होती, फैसलच्या बायकोला मुलगी झाली.”

“मुलगा, अम्मा. साडेतीन किलो,” अशरफ म्हणाला. आणि पाकीट हातात तसंच धरून उभा राहिला.

नूरी बिचारी महिनाभर गावालाच होती.

“जन्मल्यावर बाळाच्या कानात बांग कोणी दिली?”

“अम्मा, ऐक ना...”

“कोणी दिली?”

“मी.” अशरफनं आवाज उतरवला. “तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. मंगळवारी मशिदीच्या कारभाऱ्याची निवड आहे. शेठ येवोत नाहीतर मौलवी येवोत, आपलं घर तर...”

झुलेखानं सुरी ओट्यावर आपटली.

“लाव त्याला फोन.”

नंबर शोधावा लागला नाही. हिबानं स्क्रीनवरचं नाव वाचलं, “एसीवाला?” पाच महिने हा एसीवाला रोज फोन करत होता, आणि अशरफ रोज बाल्कनीत जाऊन बोलत होता. झुलेखाला वाटायचं, काय हे घर, एसी एकदाचा नीट होत नाही. अशरफनं फोन स्पीकरवर टाकला आणि अम्मा ऐकतेय, तिला सगळं कळलंय, एवढंच सांगितलं.

“अम्माला कळलं?” फैसलचा आवाज नुसता पाकातला. “बरं झालं, भाईजान. अम्मा, बाळाचं नाक सगळं तुझं गं! ये बघायला. पण बुधवारी ये. आणि ते दूध आहे ना, ते मंगळवारपर्यंत नको बख्शूस. तुझ्या त्या शब्दावरच तर मौलवी माझ्यावर भरवसा ठेवून आहेत.”

मागून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं.

“प्यायलात तेवढं आधी ओका,” झुलेखा म्हणाली. “दोघंही. मग बख्शायचं बघते.”

तिनं बोटानंच फोन बंद केला. काचेवर एक खवलं चिकटून राहिलं.

मग तिनं हात धुतले. एकदा, दोनदा, कोपरापर्यंत. खुंटीवरचा बुरखा काढला. अशरफ दाराशी आडवा झाला. “अम्मा, आत्ता नको. नमाज सुटलीय, मौलवींची सगळी जमात संध्याकाळपर्यंत फैसलच्याच बिल्डिंगखाली उभी असेल.”

“म्हणून तर आत्ता. सरक.”

तो सरकला. चपलेत पाय घालता घालता ती मागं वळली.

“हिबा, त्या आईचं नाव काय होतं गं?”

हिबानं वर-खाली शोधलं. “नाव नाही दिलेलं, दादी. नुसतं मदर लिहिलंय.”

“मग माझं लिही.”