धूळमापक आणि गुलाल

सुज्ञ वाचकहो, संगणकाच्या चिप घडवणारे कारखाने देशातील निवडक शहरांनाच का लाभतात, याचे एक कारण पुढील कथेत यथामती विशद केले आहे.

नगराध्यक्ष हैबतरावांची अभियंता कन्या नोकरीनिमित्त दूर बंगळुरात होती. कारखाना आपल्या शहरात आला, तर लेक घरी येईल, या एकाच आशेने त्यांनी आठ दिवस रस्ते धुऊन घेतले. कारण चिपला धुळीचा कणही सोसत नाही, असे तिनेच सांगितले होते.

पाहणीस आलेल्या साहेबांनी माळावर धूळमापक यंत्र मांडले. हिरवा दिवा लागला. "उत्तम हवा! अजून पाच मिनिटे दिवा असाच राहिला, की जागा पक्की," साहेब वदले.

तीन निवडणुका जिंकलेला हैबतरावांचा हात सवयीने खिशातल्या पुडीकडे गेला आणि गुलालाची मूठ आभाळात उडाली. ते पाहताच कार्यकर्त्यांनी हलगी कडाडवली, पोतेच रिकामे केले. यंत्राचा दिवा लाल झाला, साहेब नखशिखांत गुलाबी.

महिन्याभराने हैबतराव फोनवर हुंदका गिळत म्हणाले, "गेला गं कारखाना शेजारच्या जिल्ह्यात."

लेक खदखदून हसली. "मग तिथंच बदली मागते की, आबा! एसटीनं दोन तास. फक्त मला न्यायला स्टँडवर याल, तेव्हा खिसे झटकून या."

मग हैबतरावांनी दबक्या आवाजात विचारले, "हलगी तरी आणू का?"

वाचनाचे कष्ट घेतल्याबद्दल आपला ऋणी,
विश्वंभर गेनू खुळपे