तवसाळची फेरीबोट

जयवंतची नजर हळूहळू जात राहणार, जे बघायचं ते आत्ताच बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून त्याची बायको मृणालने सावर्ड्याच्या मैदानावर त्याची बुलेट चालवायला शिकून घेतली, आणि दिवाळी सरताच त्याला मागे बसवून ती समुद्राकडच्या रस्त्याला लागली.

गुहागर सोडल्यापासून तो सारखा तिच्या खांद्यावर थोपटत होता. "अगो, लाटा बघ कशा फुटतायत! आणि ती सुरूची झाडं!" त्याच्या प्रत्येक हाकेसरशी तिचा जीव थोडा थोडा हलका होत गेला. अजून बरंच दिसतंय यांना, डॉक्टर उगाच घाबरवतात, असं तिला वाटू लागलं.

तवसाळच्या जेटीवर तिने गाडी फेरीबोटीत चढवली, जयवंतला गाडीपाशी उभं केलं आणि ती तिकिटं काढायला गेली. मागून इतर गाड्या चढल्या, बोट सुटली. ती परत आली तेव्हा तो वाऱ्यावर तोंड करून हसत उभा होता.

"आलीस? बघ, केवढा मोकळा समुद्र! पलीकडे जयगडचा किल्लासुद्धा स्पष्ट दिसतोय. डोळे निवले गो माझे. तू आणलंस म्हणून."

त्याच्यासमोर दोन हातांवर एका टेम्पोची खाकी ताडपत्री होती. मृणालने त्याचा हात घट्ट धरला, त्याच्याच शेजारी ताडपत्रीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "हो ना, किती सुंदर दिसतंय सगळं."