मौनातली गादी

चातुर्मासात रोज दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. रविवारी सकाळी पुण्याहून आलेली आमची नवी सून मनस्विनी हौसेनं माझी गादी स्वच्छ करायला बसली. "आई, दर सहा महिन्यांनी असा खायचा सोडा भुरभुरवायचा असतो."

तिच्या हातातला डबा पिठीसाखरेचा होता. मी घाईघाईनं दोन्ही हात हलवले.

"अजून टाकू? सॉरी, सॉरी!" म्हणत तिनं डबा रिकामा केला आणि ओल्या फडक्यानं सगळं चोळून चोळून जिरवलं.

बारा वाजले. घामाघूम होऊन, पण केवढ्या आनंदानं तिनं विचारलं, "कशी झाली हो गादी?"



"छान झाली गं. फक्त आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चटईवर झोपायचं व्रत घेतलंय मी."