तिसरा सिलिंडर

सकाळी नऊला दादाने गॅरेजचं शटर वर केलं, तर ती पिवळी गाडी आजही दारासमोर होती. सलग पाचवा दिवस. धाकटा भाऊ बॉनेटला टेकून आरामात उभा होता. त्याचं स्वतःचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून. पण गाडी तो रोज संध्याकाळी इथे आणून लावायचा, सकाळपर्यंत इंजिन पुरतं गार व्हावं म्हणून.

दादाने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि उगाच पाने पुसायला घेतले. काल दादाची बायको धाकट्याच्या घरी जाऊन हात जोडून आली होती. त्याने तिला चहा पाजला, मुलांची चौकशी केली, गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

शिंपी आपली जुनी गाडी दाखवायला आला. मागोमाग बेकरीवाला आला. दोन माणसं जमली तशी धाकट्याने किल्ली फिरवली. सायलेन्सरमधून निळा धूर भसकन निघाला आणि सरळ गॅरेजमध्ये शिरला. जळक्या तेलाच्या वासाने बेकरीवाल्याला ठसका लागला. मिनिटभराने धूर आपोआप थांबला आणि इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

रिंगा गेल्या का, असं शिंप्याने विचारलं. धाकटा याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने अगदी निवांत समजावलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या, तर गाडी ओढताना धूर निघतो, चढावर जास्त, आणि निघतच राहतो. हा धूर फक्त गार इंजिन चालू केल्यावर येतो. म्हणजे रात्रभर वरून तेल ठिबकतं आणि सकाळी जळतं. ते अडवायला प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांडीवर रबराची एक टोपी असते, तिला सील म्हणतात. या इंजिनात आठ हव्यात, सहाच आहेत. तिसऱ्या सिलिंडरवर एकही नाही.

"झिजल्या असतील," बेकरीवाला म्हणाला.

"झिजायला आधी बसवाव्या लागतात."

मग हे इंजिन बांधलं कुणी, हेही शिंप्याने विचारलंच. खालचं काम माझं, वरचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि सील, दादाचं, धाकट्याने सांगितलं. दादा ऐकत होता. त्याने पाना ठेवला आणि दुसरा उचलला.

नऊ वर्षांपूर्वी हीच गाडी याच गॅरेजातून पहिल्यांदा धूर सोडत निघाली होती. मालक चिडून तशीच घेऊन गेला, इंजिन पुन्हा उघडलं गेलंच नाही. कुणाची चूक, असं अण्णांनी दोघा मुलांना विचारलं, तेव्हा दादा म्हणाला, यानं रिंगा उलट्या घातल्या. अण्णांचा थोरल्यावर विश्वास. त्यांनी धाकट्याच्या हातातून पाना काढून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. बाजाराने त्याचं नाव 'उलटरिंग्या' पाडलं, आणि तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले तेही त्याला तसाच समजून. शेवटपर्यंत त्यांनी आपल्या स्कूटरचा एक नट त्याला आवळू दिला नाही.

धाकट्याने डूख धरला तो धरलाच. मागच्या महिन्यात त्याला ही गाडी विकत मिळाली. त्याने इंजिन पूर्ण उघडलं. रिंगा जशा घातल्या होत्या तशाच होत्या, प्रत्येकीवरची खूण वरच्या बाजूला. मग त्याने सगळं होतं तसं परत जोडलं. दोन सील बसवणं हे त्याच्या हातचं काम होतं. ते त्याने मुद्दाम केलं नाही.

"तुमच्या गाडीचं हेड कोण करतंय मग?" बेकरीवाल्याने शिंप्याला हळूच विचारलं. शिंपी आपल्या गाडीकडे वळला. आज जरा घाई आहे, पुन्हा येतो, असं काहीतरी तो पुटपुटला.

दादाने हातातलं फडकं टाकलं. आतल्या कपाटाचा खालचा खण उघडला आणि कागदाची एक घडी घेऊन बाहेर आला. सगळ्यांसमोर त्याने ती गाडीच्या बॉनेटवर उलगडली. आत रबराच्या दोन छोट्या टोप्या होत्या, दगडासारख्या कडक झालेल्या.

"त्याच संध्याकाळी माझ्या खिशात सापडल्या," तो म्हणाला. "रिंगा सरळच होत्या. चूक माझी होती. अण्णा ओरडतील म्हणून मी गुळणी धरून बसलो."

शिंपी जागीच थांबला. नऊ वर्षं धाकटा ज्या शब्दांसाठी जळत होता ते त्याला चार माणसांत मिळाले होते, आणि त्याच्या पोटातली आग तसूभरही कमी झाली नव्हती. उलट ती आत्ता कुठे नीट पेटत होती. म्हणजे याला त्या दिवसापासून माहीत होतं. अण्णा अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही याला माहीत होतं.

"नव्या सील मी आणतो," दादा म्हणाला. "माझ्या हाताने बसवतो. आता गाडी घेऊन जा."

धाकट्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"हे मला कशाला सांगतोस? अण्णांना सांग."

दादाने विचारलं, "त्यांना आता कसं सांगू?"

"ते तू बघ," धाकटा चालू लागत म्हणाला. "त्यांना सांगून झालं, की गाडी हलवतो."