डोकं कापलेला मासा

डबा उघडताच निनाद जेटीवरच ओरडला, "माझ्या रबरी माशांची डोकी कुणी कापली?"

"मीच," हेमांगी म्हणाली. "तूच म्हणालास ना, मासे आमिषाची नुसती शेपटी तोडून पळतात, म्हणून..."

"अक्कल आहे का तुला? सगळी आमिषं वाया घालवलीस!"

अख्खी जेटी बघू लागली. हेमांगी मागे सरकली.

चडफडत त्याने तसलाच एक आखूड मासा गळावर चढवला. गळाचं टोक थेट शेपटीपाशी आलं. पहिल्याच फेकीला शेपटी तोडायला आलेली तांबोशी ओठात गळ अडकून वर आली.

"भारी युक्ती! कुणाची?" शेजारच्याने विचारलं.

निनादचे कान तापले. "बायकोची," तो पुटपुटला.

"कुणाची? जरा मोठ्याने बोला की!"

त्याने मागे पाहिलं. हेमांगी स्कूटरपाशी हेल्मेट घालून उभी होती.