सातव्या नंबरचा कागद

“आपापलाच कागद घे हं,” मतदानाच्या सकाळी कॉफीचा ट्रे उचलता उचलता सौसन म्हणाली होती. “वरचा माझा, खालचा तुझा.”

“नावं तीच नऊ. कागदानं काय होतंय?” हनादी हसली होती. कडेवर तिची लेक यारा किरकिर करत होती. हाताला लागला तो कागद तिनं पर्समध्ये कोंबला.

कागद सासऱ्यांनी, अबू गालिबनी, वाटले होते. गावच्या निवडणुकीत यादी घरूनच न्यायची, हवं तर एखादं नाव खोडून दुसरं लिहायचं आणि ती पेटीत टाकायची. घराण्याची नऊ नावं सगळ्यांना सारखी, पण सासऱ्यांचं स्वतःचं नाव प्रत्येकाच्या कागदावर वेगळ्या नंबरवर. हनादीच्या कागदावर तिसऱ्या, तिची जाऊ सौसन हिच्या कागदावर सातव्या. मतं मोठ्यानं वाचली जातात. कान देऊन बसलं की घरातलं कुठलं मत फुटलं ते कळतं. डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पडद्याआड कागद उघडला तेव्हा सासरे सातव्या नंबरवर होते. हनादी जरा थबकली. मग तिनं नुअमानचं नाव खोडून त्यावर विरोधात उभ्या असलेल्या मास्तरीणबाई वदादचं लिहिलं. नुअमान सासऱ्यांचा पुतण्या. त्याच्या कोंबड्यांच्या शेडची घाण झऱ्यात उतरते आणि झऱ्याचं पाणी शाळेच्या टाकीत. तिथल्याच बालवाडीत जाणारी यारा महिनाभर काविळीनं पिवळी पडली होती.

नुअमान एका मतानं पडला. वदाद निवडून आली. मोजणीच्या वेळी वीज गेली होती, जनरेटरच्या धडधडीत कुणाला धड ऐकू आलं नव्हतं. म्हणून त्यानं फेरमोजणी मागितली.

आज सकाळी जिल्ह्याच्या कचेरीत बायकांची पेटी पुन्हा उघडली होती. बैरूतहून आलेल्या जजबाई एकेक कागद उचलून वाचत होत्या. खिडक्या बंद, जनरेटर बंद. शेवटच्या बाकावर दोघी जावा शेजारी बसल्या होत्या. यारा हनादीच्या मांडीवर झोपली होती.

तिसऱ्या नंबरवर अबू गालिब, एकही खाडाखोड नाही. सासऱ्यांनी मागं वळून हनादीकडं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. सौसन समोरच्या भिंतीकडं बघत होती.

मग तो कागद आला. “…सातवं नाव अबू गालिब. आठवं नुअमान, खोडलेलं. त्यावर वदाद.” बाईंनी कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. हनादीला आपलं अक्षर दिसलं. घरातल्या किराणाच्या यादीत हेच अक्षर रोज असायचं, पण ती यादी पुरुषांनी कधी वाचली नव्हती.

नुअमान उभा राहिला. “बाई, हा कागद ओळखू येतो. सातव्या नंबरवर काका, म्हणजे ही आमची सौसनवहिनी.”

“आणखी कुणाकुणाचे ओळखता तुम्ही?” जजबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“छे! बाकीचे कसे ओळखणार? मत गुप्त असतं, बाई.”

खोली हसली. जजबाई हसल्या नाहीत. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं, बराच वेळ वाचलं. “ज्या मतपत्रिकेवरून मतदार ओळखू येतो ती बाद. मतदाराच्या रक्षणासाठी हे कलम आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. वाक्य संपल्यावरही त्यांचं बोट त्याच ओळीवर होतं. “नाव तर तुम्ही भर खोलीत घेतलंत. बाद.”

वदादचं एक मत गेलं. दोघांची मतं सारखी झाली, आणि सारखी झाली की वयानं मोठा तो निवडून येतो. नुअमान चार वर्षांनी मोठा.

तरी सासरे उठून मागच्या बाकापाशी आले. “सौसन, तुझा कागद?”

हनादीनं तोंड उघडलं. मांडीवर यारा हलली, झोपेतच तिनं आईचं बोट धरलं. सौसननं त्या मुठीकडं पाहिलं.

“हो अम्मो,” ती सासऱ्यांना म्हणाली. “माझाच.”

“माझ्या मिठाला जागली नाहीस तू?”

“शाळेच्या टाकीतलं पाणी एकदा पिऊन बघा, अम्मो. मग मिठाचं बोलू.”

“तुला गं काय करायचंय शाळेच्या पाण्याशी?” नुअमान लांबूनच म्हणाला. “पोर ना बाळ. नवरा तिकडं परदेशात, आबिजानला, चार वर्षांत फिरकला नाही!”

पुन्हा हशा. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि बोटांत फिरवत उभे राहिले. सात वर्षं या घरात सौसनला परत पाठवायला निमित्त शोधलं जात होतं. दोघी जावांना ते माहीत होतं. हनादीनं उघडलेलं तोंड मिटलं आणि याराच्या अंगावरची शाल नीट केली. ती नीटच होती.

दुपारी गाडी घरी आली तेव्हा मागच्या सीटवर हनादी आणि यारा, दोघीच होत्या. सौसनला कचेरीसमोरूनच बत्रूनच्या व्हॅनमध्ये बसवलं होतं. माहेरी, ‘चार दिवस’. तिची चप्पल अजून स्वयंपाकघराच्या दाराशी आहे.

हनादीला तिकडं फोन करायची मुभा नाही. म्हणून तिचं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. बत्रूनच्या बाजूला गेलात तर जुन्या बंदराच्या गल्लीत, मासेमारीची जाळी विणणाऱ्याच्या वरचं घर, तिथं जरा डोकावून या. सौसन जेवते का, झोपते का, तेवढं बघा. कुणी पाठवलं ते सांगू नका. ती विचारणार नाही.