बोलकी पेटी

"सायेब, जीप उलथली! माझा पाय खाली गावलाय!"

पेटीतून आवाज आला आणि दत्तोपंत खुर्चीवरून ताडकन उठले. ते बांधकाम खात्याचे ओव्हरसियर. कोल्हापूरच्या कचेरीत त्यांच्यापुढं लढाईतून उरलेली दोन बिनतारी यंत्रं मांडलेली होती. पावसाळ्यात चंदगडकडचे रस्ते तुटतात. तिकडं फिरणाऱ्या जीपवर यातल्या एकाची जोडी कायमची बसवायची होती. एक तारखात्यासारखं टिकटिकीचं, दुसरं बोलकं. आज ड्रायव्हर हंबीरराव घाटात घेऊन गेलेल्या जीपवर बोलक्याची चाचणी होती, तीही आपली नावापुरती. दत्तोपंतांनी टिकटिकीचं केव्हाच पक्कं केलेलं. कामाचा निरोप चार अक्षरांत जातो. बोलकी पेटी गप्पिष्ट कोल्हापूरकराला देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!

त्यांनी गडहिंग्लजला फोन लावला. दवाखान्याची गाडी निघाली, पण घाटात पोचायला तास तरी हवा. डॉक्टरांनी बजावलं, "रक्त जातंय. त्याला झोपू देऊ नका. डोळा लागला की संपलं."

बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, अशी त्या यंत्राची रीत. दत्तोपंतांनी दाबलं. "हंबीरराव, जागे राहा."

"व्हय सायेब."

पुन्हा तेच, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला 'व्हय' अर्धंच आलं. आता पुढं बोलायचं काय? जन्मभर नुसते हुकूम सोडलेल्या माणसाला गप्पा कुठल्या सुचायला!

तेवढ्यात तानाबाई आत घुसली. कचेरीत पाणी भरणारी, हंबीररावची आई. पेटीतून लेकाचा श्वास ऐकला आणि तिनं आधी पेटीलाच हात जोडले. एवढ्या लांबचं लेकरू, आणि हितं या लोखंडात! मग तिनं दत्तोपंतांच्या हातातला माईक हिसकून घेतला.

"आरं मुडद्या, वळणावर दमानं जा म्हणून किती येळा सांगितलं? डोळं उघड आधी! ऐक. काल आपली म्हस सुटली, ती थेट पिराजीच्या पोराच्या लग्नात. नवरदेव पाटावर, आन् म्हस मांडवात..."

ती जी बोलत सुटली ती थांबेना. मांडवाचा खांब झाला, बायडाबाईचा नवा शालू झाला, भटजीची पळापळ झाली. पण बटण काही सोडेना. इकडं दत्तोपंतांचा जीव टांगणीला लागलेला.

"अहो, सोडा ते! तो आहे की गेला, कळणार कसं?"

कळायचीच तर तिला भीती होती. अंगठा पांढरा पडला तरी दाबलेलाच. शेवटी दत्तोपंतांनी तो बळंच उचलला.

खरखर. नुसती खरखर. तानाबाईनं तोंडात पदर कोंबला.

मग कुठून तरी लांबून, धापा टाकत, "आई... आगं, म्हशीचं फुडं काय झालं?"

समोरचं टिकटिकीचं यंत्र दत्तोपंतांनी कोपरानंच बाजूला सारलं. माईक दोन्ही हातांनी उचलून म्हातारीच्या तोंडाशी धरला.

"सांगा आक्का," ते म्हणाले. "पण लवकर संपवू नका."